अहो, तुमचा शर्ट!

आधीच सांगून ठेवते, मी लाजले-बिजले नव्हते. पुढं नातेवाइकांत जे काही पसरलं, त्यात 'प्रमोदिनी देवळात लाजली' असंही होतं, म्हणून सांगितलं. घृष्णेश्वराच्या सभामंडपात एका परक्या पुरुषाचा शर्ट माझ्या हातात आला आणि मी तो घडी घालून धरून ठेवला. झालं ते इतकंच. बाकीचं सगळं नंतरचं, आणि त्यातलंही मी काही लपवणार नाही.

वेरूळला मी एकटीच गेले होते. मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली मी. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची पोर ओळीत आणायची, तीही शिट्टी न वाजवता, असा माझा आवाज. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता कुणाची सोबत शोधत बसायचं नाही. एसटीत बसायचं आणि निघायचं. साठी आली असली तरी गुडघे शाबूत आहेत माझे.

पौषातली सकाळ होती. फरशी अशी गार की पाय टेकवेना. घृष्णेश्वराची रीत तुम्हाला ठाऊक असेलच, गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं. त्यामुळं सभामंडपात पुरुष कुडकुडत शर्ट काढताहेत आणि बायका आपापल्या माणसाचे कपडे हातावर घेऊन उभ्या. माझं दर्शन झालं होतं. एका खांबाला टेकून मी जरा निवांत उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "धर गं," आणि माझ्या हातावर एक शर्ट आला. अंगातून नुकताच काढलेला, अजून ऊब असलेला.

मी वळेपर्यंत माणूस गर्दीत शिरलासुद्धा. दिसली ती फक्त पाठ... रुंद, सावळी, थंडीनं शहारलेली.

आता काय करायचं? टाकून जावं तर शर्ट तुडवला जाणार. घेऊन उभं राहावं तर... तर काय? राहिले उभी. निळ्या रेघांचा शर्ट होता. खिशात चष्मा आणि कागदाच्या पुडीत आवळासुपारी. म्हणजे गृहस्थ चष्म्याशिवाय आत गेला होता आणि म्हणूनच मला दुसरीच कुणी समजला होता. पण त्या 'धर गं'मधला 'गं' माझ्या कानात राहिला. मला 'गं' म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. आई गेली, थोरली बहीण गेली. आता मी कुणाची बाई, कुणाची काकू.

थोड्या वेळानं दर्शन झालेले पुरुष बाहेर पडू लागले. मी पाठीवरून ओळखायला बघत होते, पण समोरून येणारा माणूस पाठ कशाला दाखवेल? शेवटी मैदानातला आवाज काढला.

"अहो! अहो, तुमचा शर्ट!"

अर्धा सभामंडप वळला. 'अहो' म्हटल्यावर कुठला नवरा वळणार नाही? झाडून सगळे उघडे पुरुष माझ्याकडं बघायला लागले आणि त्यांच्या बायका त्याहून जास्त. त्यातून एकजण हात पुढं करून, डोळे बारीक करत माझ्याकडं आला.

"आवडे, आधी चष्मा दे. काय दिसंना मला."

"मी आवडी नाही."

"मग कोण?"

"शर्टाची खुंटी."

त्यानं घाईघाईनं चष्मा लावला, मला बघितलं आणि शर्ट छातीशी धरला, पोरीनं ओढणी धरावी तसा.

"हात्तिच्या! माफ करा हो बाई. बहिणीसंगं आलतो. तिची बी शाल अशीच लाल... मला वाटलं तीच हाय."

"आधी घाला तो. गारठाल."

त्यानं शर्ट घातला. बटणं एक घर सोडून लावली. मी नुसतं बोट दाखवलं, तर पुन्हा सगळी काढून लावत बसला. केस पांढरे, मिशी अर्धी काळी. हसला की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडत होत्या, आणि त्या वयाच्या नव्हत्या, हसण्याच्याच होत्या.

"पण खरं सांगू का बाई? मला वाटलं, मलाच हाक मारली."

"तुम्हालाच मारली. शर्ट तुमचाच आहे ना?"

"तसं नाय... ते 'अहो' म्हणलात ना. लई वर्षं झाली ऐकून."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. असतंच. पण त्यानं ते फरशीकडं बघत इतकं साधेपणानं म्हटलं की मी नुसती शाल सारखी केली.

तेवढ्यात खरी आवडी आली. आवडाबाई. सोयगावची शेती सांभाळणारी, तोंडानं फटकळ. "आरं देवा! मी पलीकडच्या खांबाशी हुबी, आन् ह्यानं शर्ट दिला बाईच्या हातात! बाई, तुम्ही तरी कसा घेतला?"

"दिला, म्हणून घेतला."

आवडाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एसटीत थेट माझ्या शेजारी येऊन बसल्या. लांब पल्ल्याच्या गाडीत दिवसभरात दुसऱ्याच्या घराची जेवढी चौकशी होते, तेवढी त्यांनी वेरूळ-संभाजीनगर वाटेत केली.

"मालक?"

"गेले. सहा वर्षं झाली."

"याची बी गेली." मागच्या सीटकडं अंगठा दाखवला. "बद्रीनाथ दांडगे. निस्ता नावाला दांडगा हाय. मुंगीला बी वाट देतो. चिकलठाण्याच्या कंपनीत जल्म गेला, आता एकला ऱ्हातो मुकुंदवाडीत."

मुकुंदवाडी! मला हसूच फुटलं. आणि का फुटलं ते आवडाबाईंना सांगता येईना.

सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव मुकुंद. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आयुष्य कमी होतं. ठीक. पण या शहरात मुकुंदवाडी आहे ना! रिक्षात बसले की मी म्हणायची, "ते... विमानतळाच्या अलीकडचं." रिक्षावाले मला पार विमानतळावर नेऊन सोडायचे. ते वारले तरी माझी जीभ वळेना. माणूस गेला, सवय गेली नाही.

आवडाबाईंनी उतरताना माझा नंबर घेतला. पोटऱ्या दुखतात, व्यायाम सांगा म्हणाल्या. फोन मात्र चार दिवसांनी भावाचा आला.

"बाई, ते पोटऱ्यांचं..."

"कुणाच्या पोटऱ्या?"

"आवडीच्या. म्हणजे... आता माझ्या बी दुखायल्यात."

"हिमायतबागेत या सकाळी. चालून दाखवते."

आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. "बटणं बरोबर हाईत का बघा," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तो आमचा नमस्कारच झाला. मी बघायची, "पास" म्हणायची, आणि मग आम्ही चालायला लागायचो. मी पुढं, तो मागं.

"बाई, जरा दमानं. शर्यत हाय का?"

"बद्रीनाथ, पाय उचला! एक-दो-एक!"

मी त्याला नावानं हाक मारते म्हणून बागेतले फिरणारे वळून बघायचे. तो तर पहिल्यांदा दचकलाच होता. बायकोनं कधी नाव घेतलं नव्हतं, आईनं 'बद्र्या' केलं होतं. "पूर्ण नाव निस्तं शाळेत हजेरीला आयकलं," म्हणाला. हळूहळू त्याला ते आवडायला लागलं. आंब्याला मोहोर आला होता. वारा सुटला की बारीक बारीक फुलं आमच्या डोक्यावर पडायची. माझ्या केसातलं एक काढायला त्यानं हात पुढं केला आणि मग मागं घेतला.

"काय झालं?"

"काय नाय. ऱ्हाऊ द्या. चांगलं दिसतंय."

आता या वयात अशा वाक्यानं काय होतं? सांगते काय होतं. घरी येऊन मी ते फूल दिवसभर केसातून काढलं नाही.

एकदा मोर बघायला आम्ही थांबलो होतो. तो हळूच म्हणाला, "बाई, एक मागू का? ते... परत एकदा म्हणा ना."

"काय?"

"अहो."

"नाही."

माझ्या आवाजातली धार मलाच ऐकू आली. मग म्हटलं, आता सांगूनच टाकावं. "एकतीस वर्षं म्हटला तो शब्द. दर वेळी एकच उत्तर आलं. 'हळू बोल.' एकदा गच्चीवर वाळवणं काढताना पडले. घोटा मोडला. ओरडले, अहो, अहो म्हणून. खालून आवाज आला, 'हळू. शेजारी ऐकतील.' शेवटी शेजारीच वर आले. शाळेत माझ्या आवाजावर चारशे पोरी चालायच्या हो, आणि घरात मी कुजबुजत जगले. तो शब्द मी परत कुणाला म्हणणार नाही. तुम्हाला बद्रीनाथच म्हणेन. चालेल?"

"चालंल की," तो म्हणाला. खिशातली आवळासुपारी माझ्या हातावर ठेवली. आणि मोराकडं वळला.

"आमची आवं म्हणायची," मग तो म्हणाला. "आवं, इकडं या. आवं, गॅस बंद करा. मी कंपनीतून आलो की दारापासनं चालू. मी म्हणायचो, किती कलकल करते. मग तिला झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. नऊ वर्षं पडून होती बाई. न्हाऊ घालायचो, वेणी घालायचो. वेणी लई चांगली घालतो मी, विचारा आवडीला. पण कान सारखा तिच्या तोंडाकडं. एकदा तरी आवं म्हणंल... नाय म्हणली. त्या दिवशी देवळात तुमचा आवाज आला ना, मला वाटलं, देवानं उशिरा का होईना आयकलं."

मी रडले. लपवून नाही, चांगली नाक ओढत रडले. त्यानं रुमाल दिला, तोही इस्त्रीचा.

होळी झाली, ऊन चढायला लागलं. आमचं चालणं पहाटेवर आलं. एक दिवस तो फाटकापाशीच अडून उभा राहिला. त्या दिवशी बटणांचं विचारलं नाही.

"बाई, मला करून घालणारी नको. भाकरी येते मला, येसराची आमटी येते. पण जेवताना बोलणारी पाहिजे. घरात लई शांत झालंय. माझी मंजुषा पुण्यात आसती, तिला इचारलं. ती म्हणली, पप्पा, हो करा. तुम्ही... म्हणजे तसं काय नाय... तुम्ही नाय म्हणलात तरी पोटऱ्यांचं चालूच ठेवू."

"मी फार मोठ्यानं बोलते, बद्रीनाथ."

"म्हणून तर."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. कुणासाठी थांबायचं होतं? तरुण मुली म्हणतात, विचार करून सांगते. आमच्याकडं विचाराला कमी आणि संसाराला त्याहून कमी दिवस.

संध्याकाळी लेकाला सांगितलं. चिन्मय माझा एकुलता एक, वैदेही सून. गुणी आहे, नाही म्हणणार नाही. चिकलठाण्याला नवा फ्लॅट घेतला तेव्हा आधी माझी खोली ठरवली, मग स्वतःची. त्यानं ऐकलं आणि उठून दार लावलं.

"आई, हळू बोल. वैदेहीचे आईबाबा बाहेर बसलेत."

बापाचं नाक, बापाचे डोळे होते, ते ठीक. पण तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला मी.

"आई, बाबांचं गावात नाव आहे. त्यांच्या चारित्र्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही. आणि तू या वयात... लोक काय म्हणतील? त्यात आपले आणि त्यांचे रीतिरिवाज..."

"नव्हतं बोट ठेवण्यासारखं," मी म्हटलं. "दारू नाही, बाई नाही, हात उचलला नाही. सगळं खरं. पण चिन्मय, चारित्र्य म्हणजे नुसतं काय केलं नाही तेवढंच असतं का रे? घरातलं माणूस वर पडलं असताना खाली बसून राहणं, हे कुठल्या खात्यात टाकायचं? नऊ वर्षं जो बायकोची वेणी घालत होता, त्याचं चारित्र्य तू मला शिकवणार?"

त्यानं दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "निदान वास्तुशांत होऊ दे. तोवर कुणाला बोलू नकोस. आणि त्यांना बोलावू नकोस, प्लीज."

मी बोलावलं. आईच्या खोलीची वास्तुशांत आहे म्हटल्यावर आईची माणसं नकोत?

पण बद्रीनाथच डगमगायला लागला. फोनवर म्हणाला, "बाई, लेकाचं मन मोडून नको. तुमच्या नावाला माझ्यामुळं बट्टा लागला तर मला झोप यायची नाय."

"माझं नाव मी सांभाळीन. तुम्ही शर्ट सांभाळा. जेवायला यायचंय."

मुहूर्त वैशाखातला होता. ऊन नुसतं रणरणत होतं. इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये टेबलं मांडून पंगत बसवली होती. चिन्मय-वैदेही पूजेला बसली होती, छान दिसत होती. मला मागच्या खुर्चीत बसवलं होतं, पंख्याखाली. "आईंना गरम होतं," असं सगळ्यांना सांगितलं होतं. मला कधीच गरम होत नाही.

पूजा आटोपली तेव्हा बद्रीनाथ आला. निळ्या रेघांचा तोच शर्ट, हातात मोगऱ्याची कुंडी. लांबूनच माझ्याकडं बघून बटणांवरून बोट फिरवलं. मी मान हलवली... पास. वैदेहीनं त्याला हात धरून पानावर बसवलं. या मुलीनं सासूच्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता, पण पान मात्र पहिल्या रांगेत मांडलं होतं.

आणि नेमक्या समोर विशाखावन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बागेतली कुणकुण लागलेली. शेजारणीला सांगितल्यासारखं, पण पंगतभर ऐकू जाईल असं बोलल्या, "हेच का ते? आमचा मुकुंद असता तर बघवलं नसतं त्याला. आमच्या घरात बाईनं चारित्र्य जपलंय हो आजवर. साठीला आलेल्या बाईनं जपमाळ ओढावी, की बागेत पुरुषांच्या मागं फिरावं?"

मागं नाही, पुढं. मी नेहमी पुढंच असते. पण ते सांगायला मी उठेपर्यंत बद्रीनाथ उठला होता. वाढलेल्या ताटाला नमस्कार केला. कुंडी दाराशी ठेवली. वैदेहीला म्हणाला, "पोरी, बाईंना सांग, येऊन गेलो म्हणून. त्यांना कुणी काय बोलू नका." आणि फाटकाकडं चालायला लागला. मला ती पाठ दिसली. देवळात दिसली होती तीच रुंद पाठ, आता वाकलेली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! वन्संचा नाही. त्यांचं काय, त्यांनी जन्मभर तेच केलं. संताप आला या भल्या माणसाचा. माझ्या अब्रूसाठी माझ्याचकडं पाठ फिरवून चालला होता. आणि मला पक्कं कळलं, आत्ता हा फाटकाबाहेर गेला तर परत येणार नाही. पोटऱ्याही बऱ्या झाल्या म्हणेल. मी या फ्लॅटच्या खोलीत पंख्याखाली बसून राहीन, हळू बोलत.

मी उभी राहिले.

"अहो!"

हॉल घुमला. सगळे पुरुष वळले. गुरुजी वळले, घास हातात. चिन्मयचे साहेब वळले, वैदेहीचे वडील वळले, पाणी वाढणारा जग हातात घेऊन वळला. वळला नाही तो एकच. तो चालतच राहिला.

का वळेल? मीच सांगितलं होतं ना, तो शब्द परत कुणाला म्हणणार नाही म्हणून. माझा शब्द ऐकणारा, पाळणारा असा जन्मात एक माणूस भेटला, आणि तो नेमका आत्ता पाळत होता!

"आई, हळू!" चिन्मय धावत आला. "लोक ऐकताहेत."

"ऐकू दे. त्यांच्यासाठीच मोठ्यानं बोलतेय." मी खुर्ची बाजूला सारली. "तुम्ही सगळे जेवा हो, तुम्हाला नाही म्हणाले. अहो! अहो बद्रीनाथ दांडगे! तुम्हालाच म्हणतेय मी! अहो!"

फाटकापाशी तो थांबला. सावकाश वळला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. आणि तिथूनच, भर उन्हातून, त्यानं विचारलं,

"काय गं?"

लगेच जीभ चावली. पण बाहेर पडलं होतं. पंगतीनं ऐकलं होतं, वन्संनी ऐकलं होतं, आणि मी तर ऐकलंच होतं. डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

"पान वाढलंय. उपाशी जायचं नाही," मी म्हटलं. "आणि जाताना एकट्यानं जायचं नाही."

तो आला, बसला. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि वन्संच्या समोर बसले. "वन्सं, हे बद्रीनाथ दांडगे. आम्ही लग्न करतोय. पत्रिका छापणार नाही, म्हणून तोंडी सांगतेय. तुम्हाला ऐकू आलं ना? की अजून मोठ्यानं सांगू?"

"अगबाई!" वन्सं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. वैदेही गालातल्या गालात हसत माझ्यासाठी पान घेऊन आली. जिलेबी दोनदा वाढली. बद्रीनाथ जेवला. चांगलं पोटभर जेवला.

निघताना चिन्मय फाटकापर्यंत आला. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"ऊन आहे. डोक्यावरून पदर घे." मग बद्रीनाथकडं न बघता म्हणाला, "रात्री... येशील ना?"

"येईन. आवडाबाई आल्यात सोयगावहून भावाकडं, चहाला बोलावलंय. माझी खोली कुणाला देऊ नकोस इतक्यात."

तो कसनुसा हसला. हसला मात्र. एवढं आजच्याला पुरे, असं मी ठरवलं. लेकरं उशिरा मोठी होतात, आईला थांबता येतं.

रिक्षा आली. वन्सं हॉलच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बद्रीनाथनं मला आधी बसवलं. रिक्षावाल्यानं मान वळवली.

"किधर जाना अम्मा?"

जीभ सवयीनं वळली, 'ते... विमानतळाच्या...' मग मी वन्संकडं बघितलं. आणि मैदानातला, चारशे पोरींचा आवाज काढला.

"मुकुंदवाडी!"

रिक्षावाल्यानं कानावर हात ठेवला. "इत्ते जोर से कायकू बोलते अम्मा? कान हैं मेरेकू."

बद्रीनाथ माझ्या शेजारी सरकून बसला. माझ्या हातातली बाटली त्यानं घेतली आणि रिकामा हात आपल्या हातात धरला.

"बोलू दे रे बाबा," तो म्हणाला. "बोलू दे तिला."